महासाथ आणि शहरी सार्वजनिक वाहतूक

महासाथीच्या काळात आणि ती ओसरल्यानंतर शहरांतील बस, मेट्रो, ट्राम व उपनगरी रेल्वे या सेवांपुढे उभे राहणारे आरोग्यविषयक, आर्थिक व नियोजनविषयक प्रश्न वाहतूकशास्त्रात एकत्रितपणे अभ्यासले जातात. या प्रश्नांचे मूळ एकच आहे. थोड्या जागेत व थोड्या खर्चात पुष्कळ माणसे वाहून नेणे हे सार्वजनिक वाहतुकीचे बलस्थान, आणि श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला नेमकी हीच दाटी पोषक ठरते.

हा पेच जुना आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सिॲटलमध्ये मुखपट्टी नसलेल्या प्रवाशाला वाहक ट्राममध्ये चढू देत नसत, तर भुयारी रेल्वेत एकाच वेळी झुंबड उडू नये म्हणून न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने दुकाने, कचेऱ्या व कारखाने यांच्या वेळा पुढेमागे करून दिल्या होत्या. कोविड-१९ च्या साथीत हेच दोन उपाय पुन्हा हाती घेतले गेले. फरक एवढाच की या वेळी प्रवाशांचा एक मोठा वर्ग घरून काम करू शकत होता, आणि साथ संपल्यावरही तो पूर्णपणे परतला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ला महासाथ म्हटले. त्याआधीच, २३ जानेवारीला, वूहानमधील बस व मेट्रो बंद करण्यात आल्या होत्या. काही शहरांनी हाच मार्ग धरला, तर अनेक शहरांनी रुग्णालये, अन्नपुरवठा व स्वच्छता या कामांवरील लोकांसाठी सेवा चालू ठेवली. न्यूयॉर्कची अहोरात्र धावणारी भुयारी रेल्वे ६ मे २०२० पासून रात्री १ ते ५ या वेळेत स्वच्छतेसाठी प्रवाशांना बंद राहू लागली व ती वर्षभराने, १७ मे २०२१ रोजी, पूर्ववत झाली. डबे पुसण्यावर व फवारणीवर झालेला हा खर्च प्रवाशांना धीर देण्यास उपयोगी पडला असेल. संसर्ग रोखण्यात त्याचा वाटा अल्प होता, कारण विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो हे पुढे स्पष्ट झाले. उघड्या खिडक्या, प्रत्येक थांब्यावर उघडणारी दारे, वातानुकूलन यंत्रणेत बाहेरची हवा अधिक घेणे आणि मुखपट्टी हे उपाय अधिक कामाचे होते, पण ते डोळ्यांत भरणारे नव्हते.

सर्वाधिक धोका प्रवाशापेक्षा चालकाला होता, कारण प्रवासी काही मिनिटांत उतरतो, चालक मात्र पाळी संपेपर्यंत त्याच हवेत बसलेला असतो. लंडनमध्ये बसचालकांचे मृत्यू झाल्यानंतर २० एप्रिल २०२० पासून प्रवाशांना मधल्या दाराने चढवण्यात येऊ लागले आणि चालकाच्या काचेवरील बोलण्याची छिद्रे बुजवण्यात आली. मात्र कार्ड वाचणारे यंत्र पुढच्या दारापाशीच असल्यामुळे या बसमधील भाडेवसुली काही काळ थांबली. आरोग्याचा एक साधा उपाय थेट गल्ल्यावर कसा येतो, याचे हे नेमके उदाहरण आहे.

अंतरनियमाचे गणित याहून कठोर होते. प्रवाशांत दोन मीटर अंतर राखल्यास, सर्व फेऱ्या चालवूनही नेहमीच्या केवळ १३ ते १५ टक्के प्रवाशांची ने-आण करता येईल, असा लंडनच्या वाहतूक संस्थेचा अंदाज होता. गाडी भरलेली असो वा रिकामी, चालकाचे वेतन, वीज वा इंधन आणि देखभाल यांचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे भाड्याच्या उत्पन्नावर अधिक विसंबणाऱ्या संस्था आधी कोलमडल्या. स्वावलंबी म्हणून वाखाणली जाणारी हीच व्यवस्था संकटात सर्वांत हळवी निघाली, ही बाब धोरणकर्त्यांनी पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही. अमेरिकी काँग्रेसने मार्च २०२० मध्ये सार्वजनिक वाहतुकीसाठी २५ अब्ज डॉलर मंजूर केले व पुढील दोन कायद्यांनी त्यात भर घातली. ब्रिटिश सरकारने मे २०२० मध्ये लंडनला १.६ अब्ज पौंडांचे साहाय्य दिले, पण त्याला भाडेवाढीसारख्या अटी होत्या.

साथ ओसरल्यावर अडचणीचे स्वरूप बदलले. अनेक शहरांत मंगळवार ते गुरुवार गर्दी आणि सोमवारी व शुक्रवारी ओसरती वर्दळ असा नवा आठवडा तयार झाला. संस्थेचा खर्च मात्र सर्वांत गर्दीच्या तासावरून ठरतो, कारण त्या तासाला पुरतील इतक्या गाड्या व चालक कायम बाळगावे लागतात. तीन दिवसांच्या गर्दीसाठी पाच दिवसांचा डोलारा सांभाळायचा, असा हा व्यवहार आहे. आठवड्यातून तीनदाच कचेरीत जाणाऱ्याला मासिक पासही परवडेनासा झाला. टोकियो परिसरात एका मोठ्या रेल्वे कंपनीने मार्च २०२३ पासून सकाळची गर्दीची वेळ टाळणाऱ्यांसाठी स्वस्त पास आणला. जर्मनीने जून ते ऑगस्ट २०२२ मध्ये ९ युरोंचे मासिक तिकीट देऊन पाहिले व १ मे २०२३ पासून ४९ युरोंचे देशव्यापी तिकीट सुरू केले.

तोटा भरून काढण्यासाठी फेऱ्या कमी करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग होय. दर दहा मिनिटांनी येणारी बस वीस मिनिटांनी येऊ लागली की सरासरी प्रतीक्षा पाचावरून दहा मिनिटांवर जाते, आणि बस बदलावी लागणाऱ्या प्रवाशाला हा फटका दोनदा बसतो. ज्याला शक्य असते तो स्वतःचे वाहन घेतो आणि एकदा घेतलेले वाहन सहसा दारात उभे राहत नाही. मागे उरतात ते अल्पवेतनी कामगार, पहाटेच्या व रात्रीच्या पाळीचे कर्मचारी, वृद्ध आणि विद्यार्थी. सरासरी प्रवासीसंख्येच्या आकड्यांत त्यांची गैरसोय दिसत नाही.

भाड्याबाहेरचे स्थिर उत्पन्न शोधणे हा यावरचा मुख्य मार्ग मानला जातो. न्यूयॉर्क राज्याने दैनंदिन तूट भागवण्यासाठी २०२३ मध्ये शहरातील मोठ्या आस्थापनांच्या वेतनपटावरील कर वाढवला, आणि ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शिरणाऱ्या वाहनांवर शुल्क लागू झाले. या शुल्काचे उत्पन्न मात्र रुळांचे नूतनीकरण, सिग्नल व स्थानके अशा भांडवली कामांसाठीच राखलेले आहे. त्यातून चालकांचे पगार देता येत नाहीत.