जांभळी नाक्याच्या बाजारापर्यंत बिटकॉइन का पोहोचले नाही?

ठाण्यात जांभळी नाक्यावर 20 रुपयांच्या कोथिंबिरीचे पैसेही क्यूआर कोड स्कॅन करून दिले जातात, आणि ते जमा झाल्याचे विक्रेत्याजवळचा छोटा स्पीकर लगेच सांगतो. बिटकॉइन या आभासी चलनाच्या जन्मामागे अशाच किरकोळ देण्याघेण्याची चिंता होती, हे आज विसरले गेले आहे. 31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या टिपणात तक्रारच अशी होती, की बँकेसारख्या मध्यस्थामुळे खर्च वाढतो आणि छोटे व्यवहार परवडेनासे होतात.

मध्यस्थ नको असेल, तर प्रत्येक व्यवहाराची नोंद जगभर विखुरलेल्या असंख्य संगणकांनी ठेवायची आणि पडताळायची, हा त्यावरचा उपाय होता; मात्र अडचणीचे मूळही त्यातच आहे. नोंदींचा नवा ब्लॉक, म्हणजे गठ्ठा, आधीच्या ब्लॉकांच्या साखळीला सरासरी 10 मिनिटांनी जोडला जातो, आणि 2010 मध्ये ठरलेल्या 1 मेगाबाइटच्या मर्यादेमुळे साऱ्या जगाचे मिळून सेकंदाला जेमतेम 7 व्यवहार त्यात बसत. जागा अपुरी पडली की जास्त शुल्क देणाऱ्याचा व्यवहार आधी घेतला जातो. वाढते शुल्क आणि किमतीतील चढउतार यांमुळे डिसेंबर 2017 मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळाने बिटकॉइन स्वीकारणे थांबवले, आणि त्याच महिन्यात सरासरी शुल्क 50 डॉलरच्याही वर गेले. छोटे व्यवहार मुख्य साखळीबाहेर उरकणारे लाइटनिंग नेटवर्क 2018 मध्ये आले खरे, पण त्यासाठी रक्कम आधी मुख्य साखळीवर अडकवून ठेवावी लागते.

भारतात याच काळात यूपीआयने पाय रोवले. एप्रिल 2016 मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेने ऑगस्ट 2023 मध्ये एका महिन्यात 1,000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला, तोही मध्यस्थ बँकांना सोबत घेऊनच. उलट आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास रिझर्व्ह बँकेने 6 एप्रिल 2018 रोजी बँकांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी ती रद्द ठरवली, तरी 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या हस्तांतरातील नफ्यावर 30 टक्के कर लागू झाला. बिटकॉइन देऊन भाजी घेणे हेही हस्तांतरच असल्याने ग्राहकाला प्रत्येक खरेदीच्या वेळी आपला नफा मोजत बसावे लागेल.

तरीही सगळा दोष कायद्यावर टाकणे मला पटत नाही. एल साल्वादोरने सप्टेंबर 2021 मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलनाचा दर्जा देऊन व्यापाऱ्यांना ते घेणे बंधनकारक केले, पण रोजच्या खरेदीत लोकांनी ते फारसे वापरले नाही, आणि जानेवारी 2025 मध्ये तेथील संसदेने ती सक्ती काढून टाकली.