पेलेट येत नाही? आधी ट्यूबमध्ये जागा किती उरली ते बघा

"तुमचं अल्कोहोल जुनं आहे का? डीएनए खालीच बसत नाही." प्रॅक्टिकलचे दिवस आले की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात असे फोन सुरू होतात. बाटली बदलून द्यायला आमची ना नसते. पण नव्या बाटलीनेही पेलेट, म्हणजे ट्यूबच्या तळाशी बसणारा डीएनएचा गोळा, येत नाही आणि तुमचा आठवडा वाया जातो, म्हणून हे पत्रक.

एका कॉलेजात आम्ही शेजारी उभं राहून पाहिलं. क्लोरोफॉर्मनंतर विद्यार्थिनीने डीएनए असलेला वरचा पाण्याचा थर अगदी जपून उचलला, ६०० मायक्रोलिटर. त्यात दहावा हिस्सा, म्हणजे ६० मायक्रोलिटर, सोडियम ॲसिटेट. इथवर सगळं बरोबर. मग अडीच पट अल्कोहोल: ६६० चे अडीच पट १६५०. आणि ट्यूब दीड मिलीची! तिने मावेल तेवढं, ८५० च्या आसपास घातलं, झाकण दाबून बसवलं आणि ट्यूब रात्रभर उणे २० ला ठेवली. सकाळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली तर तळाशी काही नाही.

अडीच पट घातलं तर मिश्रणात अल्कोहोल सत्तर टक्क्यांच्या आसपास येतं. तिच्या ट्यूबमध्ये ते साठाच्याही खाली राहिलं. पाणी जास्त असलं की सोडियम डीएनएच्या ऋणभारित फॉस्फेटला नीट चिकटत नाही, आणि डीएनए, विशेषतः लहान तुकडे, विरघळलेलाच राहतो. सुपरनॅटंटबरोबर, म्हणजे वरच्या द्रवाबरोबर, तुम्ही तोच ओतून देता. कमी पडलेल्या अल्कोहोलची भरपाई थंडीने होत नाही.

तेव्हा थर दोन ट्यूबमध्ये वाटा. ३०० थर, ३० सोडियम ॲसिटेट, ८२५ अल्कोहोल, एकूण ११५५; आरामात मावतं. वाटायचं नसेल तर आयसोप्रोपेनॉल घ्या. ते ०.७ पटच लागतं, म्हणजे ६६० ला ४६२. मात्र त्याच्याबरोबर मीठही जास्त उतरतं आणि ते लवकर उडत नाही, म्हणून सत्तर टक्के अल्कोहोलची धुलाई चुकवू नका. धुताना पेलेट सुटतं, तेव्हा ओतण्याऐवजी पिपेटने काढा. खडखडीत वाळवलंत तर ते लवकर विरघळत नाही.

आम्ही अल्कोहोल १०० मिलीच्या बाटलीत देतो, ते महाग पडतं अशी तक्रार असते. ॲब्सोल्यूट, म्हणजे जवळजवळ बिनपाण्याचं, अल्कोहोल हवेतला ओलावा ओढतं. पाचशेची बाटली सहा महिने उघडझाप करून वापरली की ते ॲब्सोल्यूट राहत नाही. नशाबंदी खात्याच्या परवान्याची प्रत तर आम्ही वर्षानुवर्षांच्या ग्राहकांकडूनही घेतो. गुजरातेत दारूबंदी आहे, प्रयोगशाळेचं अल्कोहोलही त्यातून सुटत नाही.

३ मोलर, पीएच ५.२ चं सोडियम ॲसिटेट गाळून, ऑटोक्लेव्ह करून तयार मिळेल. दोन मिलीच्या ट्यूबही आहेत.

फोन करण्याआधी वरचा थर किती उचलला तो आकडा वहीतून काढून ठेवा. आम्ही पहिल्यांदा तोच विचारतो.