पडक्या इमारतींचे ते जुने फोटो मुंबईच्या भूकंपाचे नाहीत

‘जुन्या मुंबईत भूकंपाने गोदीजवळची वस्ती अशी जमीनदोस्त झाली’ या मजकुरासह कृष्णधवल फोटो वर्षानुवर्षं फिरतात. ढिगारे खरेच असतात, कारण मात्र बहुधा वेगळं. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापसाच्या गाठी भरलेल्या जहाजाला आग लागली आणि साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. नुसत्या ढिगाऱ्यावरून फरक पटकन कळत नाही, हेही खरं.

म्हणून फोटो मोठा करून उभ्या राहिलेल्या भिंती बघा. भूकंपात इमारत पुढेमागे हलते, त्यामुळे दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीसारख्या तिरक्या भेगा पडतात. गच्चीचे कठडे रस्त्यावर कोसळतात. स्फोटात मार एका दिशेने येतो: त्या बाजूच्या भिंती आत ढकललेल्या, पत्रे पिळवटलेले, आणि लांब जावं तशी पडझड कमी. काजळीवर विसंबू नका. १९०६ला सॅन फ्रान्सिस्कोचं बहुतेक नुकसान भूकंपानंतरच्या आगीने केलं.

मग फोटोतली दुकानाची पाटी तेवढी क्रॉप करून तो तुकडा इंटरनेटवर टाकून फोटोवरून शोध घ्या. अक्षरं आरशातल्यासारखी दिसली तर आधी फोटो आडवा उलटवा.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा धक्का मुंबईत जाणवला होता, पण उद्ध्वस्त झालं ते कोयनानगर.