सिग्नलला उभी सायकल किती चालते?

सिग्नल लाल आहे. एक पाय जमिनीवर, सायकल जागच्या जागी. हँडलवरच्या मोबाइलकडे सहज नजर जाते, तर अंतराचा आकडा ५-१० मीटरनं पुढे सरकलेला! सुट्टीच्या दिवशीची रपेट संपवून ‘आज २०.३ किलोमीटर’ असं आपण ऐटीत सांगतो, तेव्हा त्या .३ मधले काही मीटर उभ्या उभ्या कमावलेले असू शकतात.

सायकलच्या जुन्या मीटरचं काम सोपं होतं. चाकाचा घेर ठाऊक, फेरे मोजले की झालं. मोबाइलच्या अ‍ॅपचा भरवसा मात्र सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांवर असतो. प्रत्येक उपग्रह स्वतःची जागा आणि वेळ सांगत राहतो. तो संदेश पोहोचायला किती वेळ लागला, त्यावरून त्याचं अंतर कळतं. त्यासाठी किमान ४ उपग्रह लागतात. तीन आपली जागा ठरवायला आणि चौथा मोबाइलच्या घड्याळाची चूक काढायला. रेडिओलहर सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जाते, तेव्हा घड्याळाची किंचित चूकही परवडत नाही.

डोक्यावर मोकळं आकाश असेल तर मोबाइल साधारण ५ मीटरच्या फरकानं जागा सांगतो. उंच इमारतींच्या दाटीत लहरी भिंतींवर आपटून लांबच्या वाटेनं येतात आणि नकाशात आपण थेट इमारतींच्या आरपार सायकल हाकलेली दिसते.

खरी गंमत पुढे आहे. रस्ता सरळ असला तरी नोंदलेले ठिपके थोडे डावीउजवीकडे पडतात. ते जोडले की नागमोडी रेघ तयार होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असणार. म्हणजे डावीकडची चूक उजवीकडच्या चुकीनं फिटत नाही, दोन्हींची भर अंतरातच पडते. उलट वळणावर ठिपके विरळ पडले तर कोपरा कापला जातो आणि अंतर घटतं. मग अ‍ॅप या रेघेला इस्त्री करतं. ती किती कडक करायची हे प्रत्येक अ‍ॅपनं आपापलं ठरवलेलं. त्यामुळे जोडीनं फिरून आलेल्या दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर वाद घालू नये.

चढाचा आकडा तर आणखी मऊ. काही मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजण्याची सोय असते. समुद्रसपाटीजवळ सुमारे ८ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलनं उतरतो. पण हवामान पालटतानाही दाब उतरतो, आणि मग सपाट रस्त्यावर कागदोपत्री टेकडी चढून होते.

कॅलरींवर माझा सगळ्यात कमी विश्वास. तासभर १०० वॅटनं पायडल मारलं तर ३६० किलोज्यूल काम होतं, म्हणजे जेमतेम ८६ किलोकॅलरी. पण स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा साधारण पाव भागच पायडलपर्यंत पोहोचवतात, बाकीची उष्णता होते. म्हणून शरीराचा खर्च ३५० किलोकॅलरींच्या आसपास जातो. इथवर हिशेब ठीक. पण ते १०० वॅट अ‍ॅपला कुठून कळले? पायडलला शक्तिमापक नसेल तर वजन आणि वेगावरून अंदाजच बांधावा लागतो. ताशी २० किलोमीटरनं जाताना समोरून १० किलोमीटरचा वारा आला, तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. आपल्याला धाप लागते, अ‍ॅपला फक्त २० दिसतात.

असे लाखो माग एकत्र केले की वेगळंच काही उमटतं. स्ट्राव्हा या अ‍ॅपनं नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या नोंदींचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या ध्यानात आलं की, निर्जन प्रदेशातल्या लष्करी तळांचे आराखडे त्यात लख्ख दिसताहेत. व्यायाम करणाऱ्या सैनिकांनीच ते रेखाटले होते. शहरात अशा नोंदी सायकलमार्ग आखायला वापरल्या जातात. पण त्यात हौशी स्वारांची गर्दी. भल्या पहाटे कामावर सायकलनं जाणारा माणूस थोडाच अ‍ॅप सुरू करतो! त्याची वाट नकाशात काळोखीच राहते. म्हणून काही शहरं रस्त्यात तारेची वेटोळी पुरूनही सायकली मोजतात. वरून धातूचं चाक गेलं की आकडा एकनं वाढतो. हौशी स्वाराचं कार्बनचं महागडं चाक मात्र तिथं कधी कधी सुटून जातं.