दोघंच बोटीवर, मग रात्री झोपतं कोण?

नवरा-बायको दोघंच शिडाच्या बोटीतून अटलांटिक पार करतात असं सांगितलं की घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो एकदम बरोबर आहे. भर समुद्रात नांगर टाकता येत नाही, खाली हजारो मीटर पाणी, त्यामुळे बोट दिवसरात्र चालूच राहते आणि सुकाणूवर कुणीतरी हवंच, मग दोघांनीच आळीपाळीने ते धरून बसायचं म्हटलं तर आठवड्याभरात माणूस पार गळून जाईल.

१९५२ मध्ये एरिक आणि सुझन हिस्कॉक हे इंग्लिश जोडपं आयल ऑफ वाइटहून ३० फुटी 'वाँडरर थ्री' घेऊन निघालं आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९५५ ला परत आलं. त्यांची युक्ती म्हणजे वारा मागून असला की पुढे दोन सारखी शिडं दोन बाजूंना उघडायची आणि त्यांचे दोर सुकाणूच्या दांड्याला आणून बांधायचे. बोट जरा वाकडी झाली की एका शिडावर वाऱ्याचा जोर वाढतो, त्याचा दोर दांडा ओढतो, बोट पुन्हा सरळ. या प्रवासांवरच्या पुस्तकांवर नाव एरिकचं, पण त्याची नजर अधू होती, तेव्हा सुझनला नुसती सोबतीण म्हणणं मला अजिबात पटत नाही.

अडचण एवढीच की हे फक्त मागच्या वाऱ्यावर चालतं. म्हणून रूटही तसाच, कॅनरी बेटांवरून कॅरिबियन, साधारण २,७०० सागरी मैल, चक्रीवादळांचा सीझन संपल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात निघायचं. आपण शाळेत भूगोलात पाठ केलेले ते ईशान्य व्यापारी वारे इथे तीन आठवडे पाठीवर असतात.

खरा फरक पडला तो ब्लाँडी हॅस्लरमुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मरीन ऑफिसर असलेल्या या माणसाने बोटीच्या मागच्या टोकाला बसणारं यंत्र बनवलं आणि १९६० च्या एकट्याने अटलांटिक पार करायच्या रेसमध्ये ते स्वतःच्या २५ फुटी 'जेस्टर'वर वापरून दुसरा आला. वर वाऱ्याने फिरणारं पातं, खाली पाण्यात दुसरं, बोट दिशा सोडते तेव्हा वरचं पातं खालच्याला जरासं वळवतं, वाहतं पाणी त्याला बाजूला ढकलतं आणि त्या जोरावर दोर सुकाणू ओढतात. वीज नाही, डिझेल नाही, वारा कुठूनही येवो. जोडप्यासाठी हा तिसरा खलाशीच झाला, एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने तीन-चार तास नुसता पहारा करायचा.

पण पहाऱ्याने सगळं टळत नाही. मार्च १९७३ मध्ये मॉरिस आणि मॅरलिन बेली हे इंग्लिश जोडपं पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांकडे जात असताना व्हेलच्या धडकेने त्यांची ३१ फुटी 'ऑरलिन' तासाभरात बुडाली, मदत मागायला रेडिओ ट्रान्समीटर नव्हता कारण तो मुद्दामच घेतला नव्हता. जवळपास चार महिने रबरी तराफ्यावर काढले, मॅरलिनने सेफ्टी पिना वाकवून गळ केले, अनेक जहाजं न बघताच पुढे गेली, शेवटी जूनअखेरीस एका कोरियन मच्छीमार बोटीने उचललं. आणि दोघांनी पुढे दुसरी बोट बांधली, परत समुद्रावर गेले!

आपल्याकडचं दोघींचं उदाहरण अगदी ताजं आहे. जोडपं नाही, नौदलाच्या दोन अधिकारी, दिलना के. आणि रूपा ए., गोव्यात दिवाडीला बांधलेल्या ५६ फुटी 'तारिणी'वर २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून निघाल्या आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून २९ मे २०२५ ला परत आल्या, आठ महिने, बोटीवर दोघीच.