पोट्ट्याईची बंदूक : विदर्भातल्या जुन्या बावीस बोर टार्गेट रायफलींची पार्श्वभूमी

माझं आजोळ आर्वीकडचं. मामाजींच्या बंदुकीच्या परवान्यावर तीन नोंदी होत्या. पहिली बारा बोर दुनाळी, दुसरी ३१५ रायफल, आणि तिसरी कारकुनानं ऐकून लिहिलेली : ‘मारटीन, विलायती, नं. २२’, म्हणजे मार्टिनी पद्धतीची बावीस बोर रायफल. बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. पहिल्या दोन माडीवर, आल्यागेल्याला दिसतील अशा टांगलेल्या. तिसरी धान्याच्या खोलीत, गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात उभी. विचारलं की मामाजी म्हणायचे, “हे त पोट्ट्याईची बंदूक हाय बाप्पा. इच्यानं डुक्कर नाई मरत.”

खरंच मरत नाही. ती रायफल कागदाला भोक पाडायला बनलेली. पण विदर्भात बंदुकीची किंमत ठरायची ती शिकारीवरून आणि वावरातल्या राखणीवरून. नेमबाजीची म्हणून एखादी बंदूक असते, हे वाड्यांमध्ये फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे जुन्या टार्गेट रायफली इथे सापडतात त्या कोठीत, पलंगाखाली, नाही तर दुकानदाराच्या मागच्या खोलीत ‘जमा’ म्हणून. त्या इथवर आल्या कशा, त्यासाठी आधी दक्षिण आफ्रिकेत जावं लागतं.

१८९९ ते १९०२ या बोअर युद्धात इंग्रजांची फजिती झाली. समोर शेतकरी होते. लहानपणापासून रायफल हाताळलेले हे लोक लांबून नेमकी गोळी मारत, आणि कवायत करून तयार झालेल्या पलटणी टिपल्या जात. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स हे त्याआधी १८८५ ते १८९३ हिंदुस्थानात सरसेनापती होते, आफ्रिकेतल्या मोहिमेतही होते. परत आल्यावर त्यांनी धोशा लावला की इंग्लंडमधल्या गिरणी कामगाराला आणि कारकुनालाही नेम धरता आला पाहिजे. मोठ्या रायफलीला मैलभर मोकळं मैदान लागतं, काडतूस महाग पडतं. म्हणून गावोगाव छोट्या बोरच्या रायफलींचे क्लब निघाले. शाळेची खोली, चर्चचा हॉल, पडीक विटभट्टी, २५ यार्ड सरळ जागा मिळाली की झालं. त्या हत्याराला तेव्हा ‘मिनिएचर रायफल’ म्हणत. म्हणजे ‘पोट्ट्याईची बंदूक’ हे नाव मामाजींनी फार चुकीचं ठेवलं नव्हतं.

काडतूस आधीच हजर होतं. बावीस लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीनं आणलं. शिशाची ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून किंचित जड गोळी, ५.६ मिलिमीटर व्यासाची. याच्या बुडाला मधोमध टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत भरलेला असतो आणि घोड्याची टोचणी कडेवर बसते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, आणि ५० मीटरवर नेम असा की चांगल्या रायफलीनं मारलेल्या पाच गोळ्यांची भोकं एकमेकांत मिसळतात.

रायफलही नवी शोधावी लागली नाही. पीबॉडी नावाच्या अमेरिकन माणसाचं १८६२ चं पेटंट स्वित्झर्लंडच्या मार्टिनीनं सुधारलं, त्यावरून ब्रिटिश लष्करानं १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री घेतली. १८८८ पासून ली-मेटफर्डची मॅगझिनवाली रायफल आली आणि मार्टिनी मागे पडली. पण ती यंत्रणा फार मजबूत आणि साधी. चापाच्या मागची तरफ खाली ओढली की आतला ठोकळा पुढून झुकतो, त्याच्या पाठीवरच्या खाचेतून काडतूस अंगठ्यानं सरकवायचं, तरफ वर, खट्ट. एका वेळी एकच गोळी. लढाईत हा दोष, नेमबाजीत अडचण नाही. उलट घोड्याचा प्रवास आखूड, त्यामुळे चाप ओढणं आणि गोळी सुटणं यात वेळ फार कमी जातो. बर्मिंगहॅमच्या बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीनं पहिल्या महायुद्धाआधीच बावीस बोरसाठी मुद्दाम लहान आकाराची मार्टिनी काढली. नंबर १२ हे तिचं सगळ्यात पसरलेलं रूप, नळी २९ इंची. पुढे जड नळीची १२/१५, आणि १९५० पासून ‘इंटरनॅशनल’ मालिका.

बीएसए म्हटलं की आपल्याकडे सायकल आठवते. तिच्या जुन्या खुणेत तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात, तुरीच्या पेंढ्या वावरात उभ्या करतात तशा. तीच खूण रायफलीच्या अंगावर. मामाजींच्या घरी पोरांनी ती खूण ओळखली आणि ‘सायकल कंपनीची बंदूक’ म्हणून आणखी हसले. क्रम उलटा आहे : कंपनी १८६१ ची, बंदुकीवाल्यांची, सायकली नंतर आल्या.

विदर्भात या रायफली कोणी आणल्या? बहुतेक सरकारी आणि निमसरकारी वाटेनं. नागपुरात व्हॉलंटिअर रायफल्सची पलटण होती, गोरे आणि अँग्लो-इंडियन नोकरदार तिच्यात जात. १९२० नंतर विद्यापीठांतल्या पोरांसाठी प्रशिक्षण पलटणी निघाल्या. सरावाला स्वस्त म्हणून बावीस बोर हवीच. मग कलेक्टर, जंगलखात्याचे साहेब, गिरण्यांचे मॅनेजर यांची खासगी हत्यारं. अशा साहेबाची बदली झाली, किंवा तो कायमचा निघाला, की सामान विकायला निघे. वाघाची मोठी रायफल घ्यायला मालगुजार, म्हणजे इकडचे जमीनदार, आणि देशमुख तयार असत. सोबतची छोटी मार्टिनी बहुधा अशीच गळ्यात पडत असणार. माझा हा अंदाज आहे, पण जितक्या घरी विचारलं तितक्या घरी ‘मोठीसंगं आली’ हेच ऐकलं.

१९५१ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचं. त्या वर्षी मध्य प्रांतातली मालगुजारी गेली आणि वाड्यांचा शिकारीचा थाट उतरणीला लागला. त्याच वर्षी नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि ती उभी करणारे होते गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादेत वकिली केलेले मराठी गृहस्थ, पुढे लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा आजही होते. त्याआधी, १५ जुलै १९४८ ला एनसीसी आली. माझ्या पिढीच्या खेड्यातल्या पोरानं पहिली गोळी झाडली ती एनसीसीच्या टू-टूनं, म्हणजे बावीस बोरनं, पोतं अंथरून, पालथं पडून, पाच गोळ्या मोजून. त्यांतल्या कित्येक रायफली म्हणजे जुन्या लष्करी ३०३ रायफलीच्या अंगात बावीस बोरची नळी बसवलेल्या ली-एनफील्ड. त्या सरकारी मालमत्ता. तशी कोणी विकायला काढली तर चहा न पिता उठावं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली. मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. मोठ्या रायफली शोभेला उरल्या, पण मानाचं स्थान त्यांनी सोडलं नाही. छोटी मात्र वापरात राहिली, चुकीच्या कामासाठी : ससा, तितर, चोरून. मागचं भोकाचं साईट, ज्यातून बघून नेम धरायचा ते, ‘आडवं येतं’ म्हणून काढून फेकायचं आणि पुढच्या माशीवर अंदाजानं मारायचं. टार्गेट रायफलीचा अर्धा जीव त्या साईटमध्ये असतो. माझ्या पाहण्यातल्या सात-आठ मार्टिनींपैकी दोनवरच मूळ साईट शाबूत होतं.

बाहेरून नव्या येणंही थांबलं. १९८० च्या दशकात साध्या परवानाधारकाला परदेशी हत्यार आणण्याची वाट बंद झाली. नामांकित नेमबाजांपुरती ती उघडी राहिली. तोवर जगानं मार्टिनी सोडली होती. जर्मनीतल्या उल्म गावच्या आन्शुट्झ कंपनीनं १९५४ मध्ये ‘मॅच ५४’ ही बोल्टची यंत्रणा काढली आणि पुढच्या वीस वर्षांत ५० मीटरच्या रेंजवर तिचाच दबदबा झाला. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, विश्वविजेती झाली, स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य आणलं. दोघं कोल्हापूरकडचे, आणि काडतूस तेच १८८७ चं बावीस लाँग रायफल. पॅरिसनंतर आमच्या गावच्या पानठेल्यावर पहिल्यांदा कोणी तरी विचारलं, “तुमच्या मामाजीपाशी होती ते अशीच काय?”

आता शोधायचं कसं. कायदा आधी, कारण इथे छंद आणि गुन्हा यांत एका कागदाचं अंतर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बावीस बोर रायफलीला वेगळी जागा आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला टार्गेट सरावासाठी तिचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये नावानिशी आहे. एका माणसाकडे किती हत्यारं, ही मर्यादा १९८३ च्या दुरुस्तीनं तीनवर आणि २०१९ च्या दुरुस्तीनं दोनवर आणली. पण क्लबचा सदस्य सरावासाठी वापरत असलेल्या बावीस बोरला ती लागू नाही. ही सवलत खेड्यात पोचली नाही, कारण क्लब शहरात. तिसरं हत्यार सोडा असं फर्मान आलं तेव्हा घराघरांत बारा बोर ठेवली गेली, ३१५ ठेवली गेली, आणि ‘पोट्ट्याईची’ गेली. संग्राहकाच्या दृष्टीनं २०२० हे साल मोठ्या पुरासारखं होतं. दुकानदारांकडे ज्या मार्टिनी दिसू लागल्या, त्यांतल्या पुष्कळ त्या पुरात वाहून आलेल्या.

म्हणून मी रायफलीआधी कागद बघतो. परवान्यावर नंबर काय, हत्यारावर नंबर काय, मधला एक आकडा जरी इकडचा तिकडे असला तरी हात लावत नाही. मालक हयात नसेल तर वारसांनी हत्यार ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा केलंय का, हा पहिला प्रश्न. परवानाधारकाला थेट विकायचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. ‘कागद नंतर पाहू’ म्हणणारा माणूस कितीही ओळखीचा असो, तिथून निघावं.

मग नळी. इथे इतिहास रसायनशास्त्र होऊन समोर येतो. साधारण १९३० च्या आधीच्या काडतुसांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. जळाल्यावर त्याचा मिठासारखा क्षार नळीच्या आतल्या पिळदार आट्यांमध्ये बसतो आणि हवेतलं पाणी ओढतो. इंग्लंडच्या थंडीत उकळत्या पाण्यानं नळी धुणारे होते. आमच्याकडे आषाढात कोठीत उभी ठेवली. नळीतून उजेडाकडे बघितलं की आटे गोमेच्या पायांसारखे खाल्लेले दिसतात. दुसरी खोड पोरांची. कडेवर बसणारी ती टोचणी आठवा : काडतूस नसताना चाप ओढला की ती नळीच्या तोंडाच्या धातूवर आदळते. हजार वेळा ‘खट्ट’ करून खेळलेल्या रायफलीत तिथे खड्डा पडतो, काडतूस अडकतं. नख फिरवून कळतं.

लाकूड त्या मानानं सोसतं. दस्ते अक्रोडाचे, आणि त्यांना लागतं जवसाचं तेल; विदर्भात त्यासाठी कुठे लांब जायला नको. फक्त कच्चं घाण्याचं तेल चोपडू नये, महिनाभर चिकट राहतं आणि धूळ धरतं. कढवलेलं, दोन थेंब, तळहातानं गरम होईपर्यंत चोळायचं. धातूला खोबरेल लावणारे पुष्कळ. त्यांना हात जोडावेत.

मामाजी गेले २०१७ मध्ये. हत्यारं जमा झाली, एका निवडणुकीत आणि दोन पावसाळ्यांत या खोलीतून त्या खोलीत फिरली, आणि रायफल माझ्या परवान्यावर यायला तीन वर्षं लागली. गोणपाट सोडलं तेव्हा तरफ हलत नव्हती. नळीतून चिंधी ओढली, पहिली तांबडी, दुसरी तांबडी, नववी जरा फिकी. आटे मात्र तळाशी शाबूत निघाले; कोणी तरी, कधी तरी, ती धूत होतं. ठोकळ्याच्या मागे साईटच्या स्क्रूची दोन रिकामी भोकं होती. दिवाळीत आजोळी गेलो तर मामीनं देवघराच्या कोनाड्यातून पितळी डबी काढली, वातींची. तिच्यात वाती, एक जुना आणा, आणि मधोमध बारीक भोक असलेली काळी चकती, खालच्या दांड्यासकट. “पोट्टे याले दुर्बीण म्हनत,” मामी म्हणाली. “डोळ्याले लावून गाडीची वाट पाहत.”