लायसन्स आहे, पण गाडी काढायला हात धजत नाही?

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या रिफ्रेशर कोर्सला, म्हणजे लायसन्स असलेल्यांच्या उजळणीच्या क्लासला, येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दहा दिवसांत भीती जाईल ना?" गिअर, हाफ क्लच तुम्हाला येतं. अडतं ते पुण्यातल्या कात्रजच्या चढावर, मागे पीएमपीची बस येऊन उभी राहिली की.

भीती पुसली जात नाही. "इथे काही झालं नाही" अशी नवी आठवण तयार होते आणि ती जुनीला दाबून धरते. मध्ये खंड पडला की जुनी परत डोकं वर काढते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हला हे शंभर वर्षांपूर्वी कुत्र्यांमध्ये दिसलं होतं: आवाजानंतर खाणं येतं हे शिकलेल्या कुत्र्यांची त्या आवाजानेच लाळ सुटायची; मग पुन्हा पुन्हा नुसता आवाज ऐकवून खाणं दिलं नाही की ती थांबायची, पण थोड्या विश्रांतीनंतर त्याच आवाजाला पुन्हा सुटायची.

काळजीखोर स्वभावाच्या माणसाला ही नवी आठवण बसायला सहसा जास्त वेळ लागतो. धोका टळला तरी अंग सावधच असतं, रिकामा रस्ताही त्याला सुरक्षित वाटत नाही. म्हणून शेजारच्या काकूंचं आठ दिवसांत झालं, तर तुम्हाला वीस लागू शकतात. त्यात कमीपणा नाही.

खरा वेळ जातो तो एका चुकीमुळे. छाती धडधडली की "थांबवा, मी उतरते", आणि दुसऱ्या दिवशी क्लास रद्द. उतरल्यावर जो हायसं वाटण्याचा क्षण येतो, तोच मेंदूला शिकवतो की उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आधीच हजर.

गेल्या पावसाळ्यात एका ताईंचा डावा पाय क्लचवर थरथरत होता. गाडी तीनदा बंद पडली. आम्ही त्याच चढावर थांबलो. चौथ्यांदा गाडी उचलली, तेव्हा ओढणीला तळहात पुसत त्याच म्हणाल्या, "परत एकदा घेऊ."

यावरून आम्हाला कडक म्हणतात. पण कुठला रस्ता घ्यायचा हे आदल्या दिवशी तुमच्याशी बोलूनच ठरतं, सुरुवात मोकळ्या मैदानावर होते. आमच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहेत. गरज नसताना आम्ही पाय लावत नाही, नाहीतर श्रेय आमच्या ब्रेकला जाईल. याच कारणाने मिस्टरांना मागच्या सीटवर बसवत नाही.

एका रस्त्यावर गेलेली भीती दुसऱ्या रस्त्यावर परत येऊ शकते. म्हणून शेवटचे तीन क्लास तुमच्याच गाडीवर, तुमच्या ऑफिसच्या किंवा शाळेच्या वाटेवर घेतो. त्याची वेगळी फी नाही.

गाडीबाहेरही घाबरल्यासारखं होत असेल, झोप उडाली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. भरलेली फी आम्ही जमा ठेवू.